पाठीवरचे ठसे

१

हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. अडुसष्ट वर्षं मी अंगठाच लावत होतो. अक्षरं मला अहल्येनं शिकवली, म्हणजे माझ्या बायकोनं. ती का शिकवावी लागली तेच सांगायचं आहे. माझं लिहिणं सावकाश चालतं. तुम्हीही सावकाश वाचा, म्हणजे दोघांचं जमेल.

माझं नाव मल्हारराव. आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या बंगळुरातलं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. दहाव्या वर्षी कब्बनपेटेत एका चांदी आटवायच्या दुकानात बसलो तो साठीला उठलो. खेड्यातले लोक मोडीची चांदी आणायचे, त्यात कधीकधी जुनी नाणी निघायची. ती आटायच्या आधी वेगळी काढणं माझं काम. तिथेच माझ्या अंगठ्याला नाणी कळायला लागली. डोळे मिटून नाणं अंगठ्याखाली फिरवलं, की झिजलेला हत्ती आहे की बैल ते समजायचं. ठोकून केलेलं नाणं कोणतं आणि साच्यात ओतलेली नक्कल कोणती तेही समजायचं. ओतलेल्याची कड झोपलेली असते, ठोकलेल्याची जागी. यापेक्षा नीट मला सांगता येत नाही.

त्याच अंगठ्यावर एकदा तापल्या चांदीचा थेंब उडाला होता. तेव्हापासून तिथे एक तिरकी रेघ होती, टोकाला दोन फाटे फुटलेली.

दुकान सुटल्यावर मी दर शनिवारी जयनगरला नरसिंहरावांकडे जायचो. ते विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, मूळचे साताऱ्याकडचे. मी त्यांना साहेब म्हणायचो. तीस वर्षं त्यांनी जुनी नाणी जमवली. मी दुकानात होतो तेव्हापासून त्यांची नाणी पाहत आलो. ते वाचणारे, मी चाचपणारा. मार्केटवरून बस पकडायची, दहाला पोचायचं, त्यांच्या पत्नी सुनंदाक्का कॉफी द्यायच्या, ती पिऊन मागच्या खोलीत बसायचं. रिठ्याच्या पाण्यात नाणं भिजवायचं, मऊ ब्रशानं मळ काढायचा, जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपायचं. मग अंगठा. मग नाण्यावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासायची, ठसे कागदावर उतरायचे. ते कागद साहेब पुस्तकांशी ताडून बघायचे. शेवटी नाणं एका लहान पाकिटात. पाकिटावर साहेब बारीक अक्षरात माहिती लिहायचे आणि त्याखाली मी निळ्या शाईचा अंगठा उमटवायचा. तो असला म्हणजे मल्हाररावानं पाहिलं, खरं आहे. खोट्या नाण्याला अंगठा नाही. ते बिस्किटाच्या डब्यात.

एकदा मी विचारलं, "साहेब, तुम्ही एवढं लिहिता, मग माझा अंगठा कशाला?"

"अहो, माझ्या अक्षरावर माझाच भरवसा नाही."

"माझाही नाही," सुनंदाक्का आतून म्हणाल्या. "यादीत जिरे लिहितात, दुकानदार मिरे देतो."

असे आमचे शनिवार होते.

२

त्र्याण्णव सालच्या मार्गशीर्षात यल्लाप्पा आला. तो येलहंक्याकडे फिरायचा. घरांचे पाये खणताना निघालेली भांडी, मोड, काय मिळेल ते गोळा करायचा. नाणं मिळालं की आधी दातांनी चावून बघायचा, मग आमच्यापुढे टाकायचा. साहेब त्याला खूप रागवायचे, पण त्याची सवय काही जात नव्हती.

त्या शनिवारी त्यानं नाणं विड्याच्या पानात गुंडाळून आणलं होतं.

"काय यल्लाप्पा, आज दात दुखतात वाटतं?" मी विचारलं.

तो हसला नाही. "नानु नोडिल्ला, अण्णा," म्हणाला. मी पाहिलेलं नाही, तुम्हीच बघा. पान जमिनीवर ठेवलं आणि कॉफीला न थांबता निघून गेला. फाटकही लावलं नाही.

नाणं चांदीचं होतं. वेडावाकडा चौकोन, दोन कोपरे छाटलेले. पुढच्या बाजूला पाच मोठे ठसे. सूर्य, सहा आऱ्यांचं चक्र, टेकडी, बैल, पाचवा काही कळेना. पाठीवर मात्र बारीक ठशांची दाटी होती, एकाला एक चिकटून.

"हे तुमच्या जातीचे लोक," साहेब हसून म्हणाले. "दोन-सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचे पारखी. नाणं हातात आलं की तपासायचं, खरं असलं की पाठीवर आपला ठसा मारायचा. मी पाहिलं, खरं आहे. तुम्ही शाईनं करता, ते हातोडीनं करायचे."

मला ते ऐकून बरं वाटलं. इतकी माणसं माझ्यासारखी.

साहेबांनी भिंगातून मोजले, मी डोळे मिटून अंगठ्यानं मोजले. दोघांचे एकोणीस भरले. नाणं ठोकलेलं होतं, कड जागी होती, मनात कुठे शंका उरली नाही. मी म्हटलं, "खरं आहे, साहेब." कागदावर पाठ घासून घेतली, नाणं पाकिटात गेलं आणि पाकिटावर मी अंगठा दाबला.

तेवढ्यात शेजारच्या अडगळीच्या खोलीतून आवाज आला. टिक. लहान हातोडी एकदाच पडावी तसा.

"अक्का सुपारी फोडताहेत," मी म्हटलं.

"ती देवळात गेली आहे," साहेब म्हणाले. ते पुस्तक चाळत होते, त्यांनी मान वर केली नाही.

३

पुढच्या शनिवारी मी पोचलो तेव्हा साहेब भिंग घेऊनच बसले होते. नेहमीसारखं नाणं दोन बोटांनी कडेनं धरलेलं. पृष्ठभागाला ते कधी बोट लावायचे नाहीत.

"मल्हारराव, वीस आहेत हो."

"काय वीस?"

"पाठीवरचे ठसे. त्या दिवशी आपण एक चुकलो."

आता मोजण्यात साहेब चुकतील, मीही चुकेन, पण दोघं मिळून एकच चूक करतील का? मी मागच्या आठवड्याचा कागद मागितला. त्यावर एकोणीस होते. डाव्या कडेला थोडी मोकळी जागा होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. नाण्यावर त्या जागी आता ठसा होता.

"पेन्सिल हलकी पडली असेल," साहेब म्हणाले. मीही मान हलवली. पेन्सिल हलकी पडते कधीकधी.

मग त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. मी एरवी भिंग घेत नाही. त्या दिवशी घेतलं. विसावा ठसा म्हणजे एक तिरकी रेघ होती. टोकाला दोन फाटे.

मी हात धोतराला पुसला आणि मुठीत अंगठा झाकून ठेवला. आपलाच अंगठा कुणी बघू नये असं का वाटावं, मला कळेना. साहेब बोलत होते, त्यातलं मला काही ऐकू आलं नाही. ते कॉफी सांगायला आत गेले तेव्हा मी पाकीट उचललं. गेल्या आठवड्यात लावलेला अंगठा तिथे होता. पण नुसता निळा अंडाकार. आत एकही रेघ नव्हती. चांदीच्या थेंबाचा डागही नव्हता.

शाई जास्त झाली असेल, मी स्वतःला सांगितलं.

४

त्याच आठवड्यात रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा होता. तिथला कारकून पोरगेला, पण बोलायला गोड.

"अज्जा, नीट दाबा. उमटला नाही."

मी पुन्हा दाबला. त्यानं वही तिरकी करून उजेडात धरली. "अज्जा, हा अंगठा आहे की चमचा?"

रांगेतले लोक हसले, मीही हसलो. तिसऱ्यांदाही तसाच आला, निळा अंडाकार. शेवटी तो म्हणाला, "सरी, सरी," आणि डाव्या हाताचा घेतला.

घरी आलो. अहल्या तांदूळ निवडत होती. तिला काही न सांगता मी डब्यातून चिमूटभर मोहरी काढली, डोळे मिटले, अंगठ्याखाली फिरवली. काही लागेना. मोहरी आहे की मीठ आहे की हात रिकामा आहे, काही नाही. डोळे उघडले तर मोहरी जमिनीवर पसरलेली आणि अहल्या माझ्याकडे बघत होती.

"हात बघू," ती म्हणाली. अंगठा तिनं आपल्या मुठीत धरला आणि लगेच सोडला. "किती गार आहे हो. बाहेर हात धुतलात काय?"

मी हो म्हटलं.

वय झालं की बोटं झिजतात. चुन्यात काम करणाऱ्यांची झिजतात, आमच्या धंद्यातल्या म्हाताऱ्यांचीही झिजलेली मी पाहिली होती. मी स्वतःची समजूत घालत राहिलो. पण झिजायला वर्षं लागतात. मला एक आठवडा लागला होता.

५

तिसऱ्या शनिवारी मी साहेबांना अंगठा दाखवला. त्यांनी भिंगाखाली धरला, उलटासुलटा केला. "रसायनांचा परिणाम," म्हणाले. "आयुष्यभर आटणीजवळ बसलात. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊ आपण." ते मनापासून म्हणत होते. नाण्यावरच्या ठशाबद्दल मी बोललो तेव्हा मात्र ते हसले. "अहो, जगात तिरकी रेघ काय एकच असते?"

ते फोन घ्यायला पुढच्या खोलीत गेले. मी रिठ्याच्या पाण्यात हात घालून बसलो होतो. अडगळीच्या खोलीतून आवाज आला. टिक. थांबून टिक. पुन्हा टिक. कुणी घाई नसलेलं माणूस काम करत असावं तसा. मला तो आवाज परका वाटला नाही, हेच वाईट होतं. चाळीस-पन्नास वर्षं असेच आवाज कानांवर घेऊन मी बसलो होतो.

मी उठून दार उघडलं. आत शिडी, एक लोखंडी ट्रंक, मोडका पंखा. वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं. कुणी नव्हतं. उंदीर असेल म्हणून मी खाली पाहिलं.

जमिनीवर धूळ होती, आणि भिंतीच्या कडेनं धुळीत स्वच्छ गोल होते. माणूस मांडी घालून बसला की खालची जागा पुसली जाते, तेवढे. एक, त्याच्यापुढे दुसरा, तिसरा. मी मोजत गेलो. बारापर्यंत मोजले आणि थांबलो, कारण ती खोली एवढी लांब नव्हती. चार माणसं बसली तर पाचव्याला जागा नव्हती त्या खोलीत. तरी रांग पुढे जात होती, उन्हाच्या पट्ट्याच्या पलीकडे.

दाराजवळचा गोल सगळ्यात ताजा होता. मी वाकून तळहात टेकवला. फरशी ऊबदार लागली.

दार लावून मी जागेवर येऊन बसलो. साहेब परत आले ते हसतच. "मल्हारराव, पुण्याचे अरविंद ओळखता ना? नाण्यांचे अभ्यासक. पुढच्या रविवारी येताहेत. संग्रह पसंत पडला तर तिथल्या संग्रहालयात जाईल, स्वतंत्र दालनात. आणि त्यात पहिलं नाणं हे." त्यांनी यल्लाप्पाचं पाकीट उचललं. "मी आता पुन्हा विचारतो, नंतर बोलणं नको. हे खरं आहे ना?"

तीस वर्षांत त्यांनी असं दोनदा कधी विचारलं नव्हतं. मी पाकिटाकडे पाहिलं. मला जे वाटत होतं ते सांगायला माझ्यापाशी शब्द नव्हते. मी खरं म्हटलं तर ते अरविंदांच्या हातात जाणार, ते खरं म्हणणार, मग त्यांचे विद्यार्थी, मग आणखी कोण. कडेनं धरा नाहीतर कसंही धरा, खरं म्हटलं की झालं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. एवढंच कळत होतं की माझ्यानंतर कुणी नको.

"खोटं आहे, साहेब."

आयुष्यात नाण्याबद्दल मी पहिल्यांदा खोटं बोललो.

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी पाकीट उलटून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पण तुमचा अंगठा आहे यावर."

"चुकून लावला. मला द्या, मी नेऊन आटवून टाकतो."

"आटवून? भलतंच काय बोलता?" ते पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलले. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "राहू दे. डब्यात टाकतो मी."

ते न विचारता उचलून न्यायचंही माझ्या मनात आलं. पण त्यासाठी ते हातात घ्यावं लागलं असतं.

बसमध्ये मी खिडकीपाशी बसलो. पुढचा माणूस वाचला, असं मला वाटत होतं.

६

बुधवारी दुपारी गल्लीतल्या फोनच्या बूथवरून बोलावणं आलं. साहेबांचा फोन होता.

"मल्हारराव, तुम्ही चुकलात!" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "रागावू नका. मला चैन पडेना हो. तुमचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता मला, म्हणून म्हटलं आपणच तपासावं. तीन दिवस तेच घेऊन बसलो. वजन केलं, भिंगाखाली पाहिलं, मग आज सकाळी तुमच्यासारखे डोळे मिटले आणि अंगठ्याखाली धरलं. तीस वर्षांत पहिल्यांदा! तुम्ही काय म्हणता ते मला आज कळलं. कड जागी आहे, मल्हारराव. शंभर टक्के खरं आहे. तुमच्या खाली मी माझाही अंगठा लावलाय. आता हसू नका."

मला हसू येत नव्हतं. फोनची दोरी मी हाताला गुंडाळत होतो, आणि ती अंगठ्याला कुठे लागते ते कळत नव्हतं.

"साहेब, आवाज आला का काही? शेजारच्या खोलीतून?"

"आवाज? हो, काहीतरी वाजलं खरं. का हो?"

शनिवारची वाट न बघता मी निघालो. दार सुनंदाक्कांनी उघडलं. "बरं झालं आलात. सकाळी उड्या मारत होते, आणि आता बघा."

साहेब पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. समोर तिपाईवर दोन नाणी होती. एक म्हैसूरच्या जुन्या राजवटीतला तांब्याचा पैसा, दुसरं अक्कांनी नातवासाठी आणलेलं खेळण्यातलं, पत्र्याचं. शाळेतल्या पोरालाही फरक कळेल.

"मल्हारराव," साहेब म्हणाले, "यातलं खरं कोणतं हो?"

मला वाटलं थट्टा करताहेत. त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मी खाली बसलो. ते अंगठा तर्जनीवर घासत होते, सारखा घासत होते, तिथून काही आवाज येईल असा.

"डावीकडचं, साहेब."

"असं होय," ते म्हणाले. "सकाळपर्यंत कळत होतं."

पाकीट टेबलावर पडलं होतं. त्यावर एकाखाली एक दोन निळे अंडाकार होते. मी कपाटाचा वरचा खण ओढला, मग खालचा. तीस वर्षांची पाकिटं. साहेबांची बारीक अक्षरं जशीच्या तशी होती. त्यांच्याखाली माझा अंगठा कुठेच नव्हता. शेकडो निळे अंडाकार, कोरे.

७

घरी येऊन मी अहल्येला म्हटलं, "मला लिहायला शिकव."

ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. "या वयात काय सुचलं? बरं, पाटी नाही, या कागदावर काढा. पहिलं अक्षर गणपतीचं."

"गणपती नंतर. मला एकच शब्द शिकव. खोटं."

"अगंबाई! कुणाला फसवायचंय?"

मी पेन उचललं. तिनं माझा चेहरा पाहिला आणि ती थट्टा करायची थांबली. माझा हात हातात धरून तिनं ती दोन अक्षरं गिरवून घेतली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. पेन मी अंगठ्यानं धरत होतो, पण बघून बघून धरावं लागायचं. शनिवारी संध्याकाळी ती म्हणाली, "आता वाचता येतंय."

रविवारी सकाळी निघताना माझा सदरा दाराच्या खिळ्यात अडकला आणि पाठीवर खांद्याखाली फाटला. दुसरा धुतलेला नव्हता. "स्वल्प थांबा," म्हणून अहल्येनं अंगावरच रफू केला. पांढरा दोरा संपला होता, निळ्यानं केला. तिचं माहेर पिढ्यान्पिढ्या शिंप्याचं. ती गाठ मारत नाही, शेवटचा टाका उलटा वळवून दोऱ्याखाली लपवते. बाजारातल्या शंभर सदऱ्यांत आपला टाका ती डोळे मिटून ओळखेल. आमच्या घरात हातानं पारखणारे आम्ही दोघं होतो.

जयनगरला पोचलो तेव्हा अरविंद अजून यायचे होते. मी पाकीट पुढे ओढलं आणि दोन कोऱ्या अंडाकारांच्या वर लिहिलं. खोटं. घाम फुटला मला तेवढ्यानं. साहेब बघत होते. त्यांनी ते वाचलं की नाही तेही सांगता येत नाही.

अरविंद चाळिशीचे, नम्र गृहस्थ. साहेबांच्या पाया पडले. एकेक पाकीट उघडत, भिंग लावत, तोंडानं वा, वा करत त्यांनी दोन तास घालवले. मग ते पाकीट हातात आलं.

"खोटं," त्यांनी वाचलं. "कोणी लिहिलंय?"

"मी."

"अक्षर नवं दिसतंय."

"चार दिवसांचं आहे."

ते हसले. साहेबांनी त्यांना माझ्याबद्दल पूर्वी खूप सांगितलेलं असावं. "तुम्ही खोटं म्हटलंत म्हणजे मी कशाला उघडू?" असं म्हणून त्यांनी पाकीट न उघडता बिस्किटाच्या डब्यात टाकलं, झाकण लावलं, आणि डबा अक्कांनी फडताळावर ठेवला. झालं. इतकं सोपं होतं. मी मागच्या खोलीत जाऊन बसलो.

अडगळीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. वरचे खण काढायला अक्कांनी सकाळी शिडी बाहेर घेतली होती. भर दुपारचं ऊन झरोक्यातून खाली उतरलं होतं.

टिक.

मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. मान आपोआप वळली.

ते दाराकडे पाठ करून बसले होते, एकामागे एक, उन्हात. उघड्या पाठी, कांबळ्याच्या पाठी, कसल्याशा जाड कापडाच्या. लांबवर लहान होत गेलेल्या. सगळ्यांचे कोपर सावकाश हलत होते, आणि काहीतरी पुढच्याकडून मागच्याकडे येत होतं. शेवटची पाठ दाराला लागून होती. बनियन, मानेवर मस, पिकलेले केस नीट कापलेले. साहेबांचा हजाम महिन्यातून दोनदा घरी येतो. त्यांचा उजवा हात मागे, दाराकडे, पसरलेला होता. तळहात वर. कोणी तरी यायची वाट बघत असल्यासारखा. आणि त्याच वेळी पुढच्या खोलीतून साहेबांचा आवाज मला ऐकू येत होता, ते अरविंदांना विचारत होते, आज शनिवार आहे ना?

साहेबांच्या पुढे आणखी एक पाठ होती. पांढरा सदरा, जरासा वाकलेला म्हातारा. ओळखीचं कुणी वाटेना. स्वतःची पाठ माणसानं कुठे पाहिलेली असते?

मग कोपर हलला, सदरा ताणला गेला, आणि खांद्याखाली निळा दोरा दिसला.

८

घरी कसा आलो ते आठवत नाही. अहल्या चुलीपाशी होती. मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

"काय झालं हो?"

"माझ्या पाठीवर बघ. सकाळचा रफू आहे का?"

"असणार नाही तर जाईल कुठे?" ती हसत उठली. तिचा हात खांद्याखाली टेकला. मला तिचा हात कळत होता, त्याची ऊब कळत होती, आणि मी देवाचं नाव घेत होतो.

"आहे की," ती म्हणाली.

मी श्वास सोडला. पण तिनं हात उचलला नाही. बोट तिथेच फिरत राहिलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. सावकाश, मी नाणं बघायचो तसं. तिनं डोळे मिटले असावेत असं मला वाटलं.

"निळाच दोरा आहे," ती अगदी हळू म्हणाली. "जागाही तीच आहे."

मी थांबलो.

"पण हा माझा टाका नाही."

तिचं बोट पाठीवरून निघालं. ती मागेच उभी होती. मला वळून तिच्याकडे बघायचं होतं. पण वळलो तर ती माझा चेहरा बघणार होती, आणि तिची पारख कधी चुकत नाही.